उरलेला लेप

घरून,
ता. ३ मार्च

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही दोघं आहोत तशी आहोत. पत्राला उशीर झाला, कारण पेन सापडत नव्हतं. शेवटी ते आजोबांच्या थापीच्या पिशवीत निघालं. विचारलं तर म्हणतात, हत्यार हत्यारांत ठेवलं, त्यात माझं काय चुकलं. डावी बाजू लुळी पडली पण जीभ तेवढी शाबूत राहिली. काय न्यावं आणि काय ठेवावं हे वरच्यालाही कळत नाही बघ.

आता मुख्य बातमी. आपली न्हाणी झाली! मामाने शब्द पाळला. वरून पाण्याचा शॉवर, धरायला स्टीलचा दांडा, बसायला स्टूल, आणि तुमच्या कारखान्यातून आलेलं काचेचं दार. ते दार बसवलं त्या दिवशी मी उगाच तीनदा आत गेले आणि तीनदा बाहेर आले. शेजारची शिंपीण म्हणाली, काकू, दार झिजेल. तिच्या तोंडाला कात्रीच आहे, पण बाई मनाने चांगली.

फरशी मात्र आजोबांची. स्वतः खुर्चीत बसून दोन कारागिरांकडून घालून घेतली. दुकानदाराने गुळगुळीत चकचकीत दाखवली होती, मला ती फार आवडली होती. तर हे म्हणाले, ही तोंड बघायला छान, पाय ठेवायला नाही. मग ती राखाडी, खडबडीत, खारकेच्या सालीसारखी फरशी घेतली. उतार किती द्यायचा त्यावरून त्या कारागिरांना असं फैलावर घेतलं की एक जण जेवायला गेला तो परत आलाच नाही. चाळीस वर्षं लोकांच्या फरश्या बसवल्या, ही शेवटची, म्हणून जरा जास्तच.

आता अडचण सांगते. मामाने बजावलं आहे की आजोबांनी एकट्याने आंघोळ करायची असेल तर मी बाहेर बसून काचेतून लक्ष ठेवायचं. नाहीतर तो दवाखान्यातला माणूस लावणार, रोज येऊन आंघोळ घालणारा. आजोबा म्हणाले, परक्या माणसाच्या हातची आंघोळ एकदाच व्हायची असते, तिची घाई कशाला. मला हसू आलं, पण मामाला नाही आलं. त्यांचं सगळं गेलं ग. काम गेलं, सायकल गेली, शर्टाची बटणं मी लावते. एवढी एक आंघोळ त्यांची राहिली आहे. ती राहू दे असं मला फार वाटतं.

तर मी बाहेर स्टुलावर बसते. पण आपलं पाणी जड. दहा दिवसांत काच अशी पिठाळली की मला आत अर्धेच आजोबा दिसतात. घासून घासून माझे खांदे गेले. आणि परवा एक टाय बांधलेला माणूस दारोदार आला. काचेला लावायचा लेप विकतो. हातात काचेचा तुकडा, अर्ध्याला लेप लावलेला, अर्धा तसाच. वर पाणी टाकलं तर लेपावरून पाणी कसं पळालं म्हणून सांगू, अगदी अळवावरचं पाणी! शिंपीण तर तोंड उघडं टाकून बघत बसली. तो म्हणतो, दहा वर्षं काचेला हात लावायला नको.

तू दिवसभर तेच काम करतेस, म्हणून तुला विचारते. घ्यावा का? शिंपिणीलाही सांगायचं आहे, ती माझ्यावर अवलंबून आहे. तुझी आई असती तर तिने त्या टायवाल्याला जिन्यातूनच परत पाठवलं असतं, पण मी पडले भोळी.

अक्षराला हसू नकोस. तूच शिकवलं आहेस, दुसरीत असताना, आजोबांच्या नव्या फरशीवर खडूने. मास्तरीणच कच्ची तर पोर काय करणार.

कळावे. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी,
आजी

•

कारखान्यातून,
ता. ८ मार्च

ती. आजीस आणि आजोबांस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, एकटीच का हसतेस. तिला ते पेन आणि थापीचं सांगितलं तर तीही हसली. आता आमच्या सगळ्या खात्याला आजोबा ठाऊक आहेत.

त्या टायवाल्याकडून काही घेऊ नकोस. दहा वर्षं म्हणणारा खोटं बोलतो. मी रोज चाळीस दारांना हा लेप लावते, मला विचार. जड पाण्याला तो एक-दीड वर्ष टिकतो, फार तर दोन. लेप लावला म्हणून पुसायचं सुटत नाही, फक्त सोपं होतं. पाणी थेंब होऊन घसरतं, मागे डाग कमी राहतात, एवढंच. खरं काम करते ती रबरी पट्टी. आंघोळ झाली की वरून खाली दोन हात मारले तर निम्म्या घरांना लेपाची गरजच नाही. ज्यांची काच वर्षानुवर्षं पाण्याने खाल्लेली आहे त्यांनी तर घेऊच नये, डाग लेपाखाली कोंडले जातात. शिंपीणमावशीची काच जुनी आहे ना? तिला सांग, पट्टी घे आणि गप्प बस.

पण तुझी गोष्ट वेगळी. काच नवी आहे, पाणी वाईट आहे, आणि तुला शोभेसाठी नाही, आजोबांसाठी आरपार दिसायला हवं आहे. तुला मी हो म्हणते. आमच्या टेबलावरचीच एक मोठी बाटली पाठवते आहे, काचेच्या गाडीचा ड्रायव्हर घरी आणून देईल. एवढी लागणार नाही, पण तुला लहान बाटलीत मोजून द्यायला मन घेईना, म्हणून अख्खीच पाठवली.

लावायची रीत. आधी व्हिनेगरने काच धू, सगळे पांढरे डाग जाईपर्यंत. मग साध्या पाण्याने. मग कोरडी कर, अगदी कोरडी. फडक्यावर चार थेंब घेऊन गोल गोल लाव. दहा मिनिटं थांब. मग कोरड्या फडक्याने चकाकी येईपर्यंत पूस. एक दिवस पाणी लावू नकोस. पुढे तारेची घासणी त्या काचेला दाखवूही नकोस. खिडकी उघडी ठेव, वास डोक्यात जातो.

आजोबांना सांग, दवाखान्यातला माणूस यायचा नाही. माझी काच राखण करेल.

लोभ आहे तसाच दाट असू दे.

तुझी,
भिंगरी

•

घरून,
ता. १४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, या वेळी दुप्पट. वि. वि.

अग काय जादू पाठवलीस! ड्रायव्हरने बाटली दिली तेव्हा वाटलं औषध आहे. वरची अक्षरं मुंगीएवढी आणि आपल्या लिपीतलीही नाहीत. पण मला काय करायची, माझ्याकडे तुझं पत्र होतं. ते न्हाणीच्या खिळ्याला टोचलं आणि एकेक ओळ वाचत काम केलं.

मुहूर्तही बरा सापडला. आजोबांना तपासणीसाठी मामाने त्याच्या घरी नेलं आहे, सतरा तारखेला संध्याकाळी सोडेल. म्हटलं, येतील तेव्हा चकित करू. पहिल्या दिवशी व्हिनेगर. घरभर असा आंबट वास की शिंपिणीने विचारलं, काय नासलं. दुसऱ्या दिवशी लेप. शिंपीण स्टूल धरून उभी, मी वर. गोल गोल, गोल गोल, हात गळून आला पण थांबले नाही. पुसल्यावर काय बघतेस, काच नाहीच! शिंपीण हात पुढे करत गेली आणि तिची बोटं काचेवर आपटली. म्हणाली, काकू, यावर एखादा डाग ठेवा, नाहीतर आजोबा डोकं आपटतील. मी म्हटलं, त्यांचं डोकं आपटलं तर काचच फुटेल.

तिला पट्टीचं सांगितलं. जरा हिरमुसली. तिला लेपच हवा होता, कारण मी लावला.

आणि ऐक, एक गोष्ट मी माझ्या डोक्याने केली. काचेला त्यातलं किती लागलं, दोन चमचेसुद्धा नाही. बाटली भरलेलीच राहिली. आता टाकवते का? तुला ठाऊक आहे, मी साबणाची चिपटीसुद्धा नव्या साबणाला चिकटवते. बघते तर खाली फरशीवरही तेच पांढरे डाग. आणि ती पडली खडबडीत, घासावी तर घासणीच झिजते, डाग हलत नाही. म्हटलं, काचेला चालतं तर फरशीने काय घोडं मारलंय. आधी फरशीही व्हिनेगरने घासली, कोरडी केली, आणि लावलं. एका हाताने भागेना, खडबडीत ना, पिते फार. म्हणून तीन हात दिले. बाटली संपली तेव्हा थांबले. आता पाणी टाकलं की फरशीवर मोती धावतात ग मोती! त्या दुकानातल्या चकचकीत फरशीच्या तोंडात मारेल अशी झाली आहे. आजोबांनी मला ती घेऊ दिली नव्हती, आता हीच तशी केली. बघू या काय म्हणतात मिस्त्री.

मी आपली रबरी चपला घालूनच आत जाते, टाचांच्या भेगा आहेत ना. आजोबा अनवाणीच. कितीदा सांगितलं तरी एकच उत्तर, फरशीवाल्याच्या पायाला फरशी कळली पाहिजे. अठरा तारखेला सकाळी पहिली आंघोळ. त्यांचं तोंड कसं होतं ते सविस्तर लिहीन.

मामाने काच बघितली की त्या दवाखान्यातल्या माणसाचं नाव काढणार नाही. भिंगरे, तू लाखाचं काम केलंस.

कळावे. लोभाला तोटा नाही, तुझ्याकडूनही नसावा.

तुझी,
आजी

•

कारखान्यातून,
ता. १८ मार्च, दुपारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. मामाला तीनदा फोन केला, लागत नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि माझ्या अक्षराशिवाय तू कुणाचं मानत नाहीस, म्हणून आधी हे लिहिते.

आजी, आज सकाळची आंघोळ सुखरूप झाली असेल अशी आशा धरते, पण यापुढे आजोबांना न्हाणीत जाऊ देऊ नकोस. तो लेप फक्त काचेचा आहे. पायाखाली आला आणि वर साबणाचं पाणी पडलं की पाय ठरत नाही. आमच्याकडे टेबलाखाली सांडला तर आम्ही आधी रेती टाकतो आणि मग ओरडतो. फरशीची पकडच त्याने जाते. उरलेला ओतून टाक, फरशीला बोट लावू नकोस, हे मी तुला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. इथे ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सुचलंच नाही.

आता असं कर. उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा घे, तारेच्या घासणीने फरशी तीनदा घास. मग वर पोतं अंथर. तोपर्यंत आजोबांना खोलीतच ओल्या फडक्याने पूस. ते रागावतील, रागावू देत. तूही आत जाऊ नकोस, चपला असल्या तरी.

टपालाची पेटी उघडायच्या आत टाकते. रागावू नकोस माझ्यावर.

भिंगरी

•

ता. १८ मार्च, संध्याकाळी

ती. मामास सा. न. वि. वि.

मघाशी फोनवर तू दवाखान्याच्या जिन्यात होतास, आणि मामी मागून रडत होती. आजोबा सकाळी न्हाणीत पडले, खुबा मोडला, डोक्यालाही लागलं, एवढं तू सांगितलंस. तेव्हा मला जे सांगायचं होतं ते सांगायला जीभ उचलली नाही. म्हणून लिहिते. गाडी उद्या पहाटे निघते, ड्रायव्हर हे तुझ्याच हातात देईल.

ते चक्कर येऊन पडले नाहीत. आजीने काचेचा उरलेला लेप फरशीला लावला होता. तीन हात. तिला वाटलं, डाग जातील. बाटली मी पाठवली होती, भरलेली, आणि फरशीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. चूक माझी आहे. तू मला काय बोलायचं ते बोल.

पण आजीला हे कळता कामा नये. मामा, तिने हे सगळं त्यांची आंघोळ त्यांच्याच हातात राहावी म्हणून केलं. तिला कळलं तर ती आजोबांच्या आधी जाईल.

आणि आज दुपारी, फोन लागण्याआधी, मी तिला पत्र टाकलं आहे. त्यात सगळं लिहिलं आहे. पेटीतून परत मागायला गेले तर टपाल गेलेलं होतं. चार दिवसांत ते घरी पोचेल. एकवीस, बावीस तारखेपासून रोज सकाळी पत्रपेटी बघ. माझं पाकीट निळं आहे. न उघडता जाळून टाक. ती माझी अक्षरं किती वेळा वाचते तुला माहीत आहे.

फरशीही कुणाकडून तरी घासून घे. काहीतरी कारण सांग.

आजोबांना माझा नमस्कार सांग. शुद्धीवर असतील तर सांग.

तुझी भाची,
भिंगरी

•

दवाखान्यातून,
ता. २४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, पण तू लिहिलंस तर मलाही लिहावं लागेल. बाबांची तब्येत बरी नाही. शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणतात. पडून पडून छातीत पाणी झालं आहे. मधूनच बोलतात, बहुतेक वेळ झोपेत असतात. रजा टाकून ठेव.

तुझं निळं पाकीट आलेलं नाही. एकवीसपासून रोज दहा वाजता मी स्वतः पेटी बघतो. टपालवाला त्या सुमाराला येतो असं ऐकून होतो. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा त्याला विचारलंही, तो म्हणाला, आलं असेल तर पोचलंच असेल. पेटीत विजेचं बिल आणि शिंप्याच्या दुकानाची जाहिरात, एवढंच. वाटेत हरवलं असेल. बरं झालं म्हणायचं.

फरशी निसरडी आहे हे मला तू सांगायच्या आधी कळलं होतं. बाबांना उचलायला आत शिरलो तर माझाच पाय गेला. त्या वेळी वाटलं साबण असेल. आईला मी आणि डॉक्टरांनी सांगितलं आहे की चक्कर आली. तिने मान हलवली. ती आता बोलतच नाही फारसं, हे मला जरा विचित्र वाटतं. तिच्या बोलण्यातून सुटायला बाबांना सायकलवरून लांब जावं लागायचं, ती आता सकाळी घरचं आवरून आली की दिवसभर त्यांच्या पायथ्याशी बसते आणि त्यांचे तळवे चोळते.

फरशी घासायला माणूस पाठवणार होतो. घरी जाऊन बघतो तर ती आधीच घासलेली, वर पोतं अंथरलेलं. शिंपीणबाईने केलं असेल, मी विचारलं नाही.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. मीच त्या दवाखान्यातल्या माणसाची धमकी सारखी दिली नसती तर आई काचेच्या मागे लागली नसती. असं धरत गेलं तर सगळ्यांचंच काही ना काही निघेल.

लोभ असावा, तो आता जास्त लागेल.

तुझा,
मामा

•

खोलीवरून,
ता. १० एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. चार दिवस तुझ्याजवळ होते, पण बोलणं असं काही झालंच नाही. तू माझ्या डोक्याला तेल लावलंस, मी लहान असल्यासारखं, आणि मी झोपून गेले. आजोबा गेले तेव्हा मी वाटेत होते, हे माझ्या मनातून जात नाही.

तू जेवतेस का? रात्री शिंपीणमावशी सोबतीला येते का? मामाकडे राहायला जा म्हणते तर तू ऐकत नाहीस.

डॉक्टर मामाला म्हणाले, त्या आजारात अशी चक्कर कधीही येते, खोलीत असते तरी आली असती. म्हणून तू मनाला काही लावून घेऊ नकोस. न्हाणीत होते म्हणून काही वेगळं झालं असं नाही.

सहज विचारते. मार्चमध्ये मी टाकलेलं एखादं पत्र तुला मिळालं का? काही विशेष नव्हतं त्यात. ख्यालीखुशाली. हरवलं असेल तर असू दे.

मी लेपाच्या टेबलावरून बदली मागितली आहे. हाताला त्याचा वास येतो तो जात नाही. कापायच्या खात्यात घेतील बहुतेक. तिथे काम जड आहे, आणि बोटं कापतात, पण चालेल.

लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

•

घरून,
ता. २० एप्रिल

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहायचं होतं, पेन शोधत होते. या वेळी ते टेबलावरच होतं. ते हलवणारं कुणी नाही हे ध्यानातच राहत नाही.

मी जेवते. शिंपीण रोज येते, तिच्या मशीनचं काम इथेच घेऊन बसते. खडखड चालू असते. पूर्वी मला त्याचा त्रास व्हायचा. आता ती थांबली की मी विचारते, का ग थांबलीस.

मामाकडे जाणार नाही. तिथली फरशी गुळगुळीत आहे.

तू आली होतीस तेव्हा पत्रपेटी तीनदा उघडून बघितलीस. एकदा आल्याबरोबर, एकदा मी आंघोळीला निघाले तेव्हा, एकदा निघताना. मामाही आधी रोज दहाला येऊन बघायचा. मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं. पण टपालवाला हल्ली दहाला येत नाही, नऊला येतो, आणि माझे गुडघे दुखतात म्हणून जिना चढून पत्र हातात देतो. तू म्हणतेस तुझं एक पत्र हरवलं. हरवू दे. हरवलेल्या पत्राचं उत्तर द्यायचं नसतं, म्हणून मी देत नाही. तूही पुन्हा विचारू नकोस, आणि मामालाही सांगू नकोस. तो बिचारा मला चक्कर चक्कर म्हणून समजावतो, त्याचं समाधान राहू दे.

फरशी मी घासली. उकळतं पाणी, सोडा, तारेची घासणी, तीनदा. वर पोतं. शिंपीण म्हणाली, काकू, मी करते. मी म्हटलं, माझं मला करू दे.

आता एक सांगते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते चांगले शुद्धीवर होते. मी पायथ्याशी होते. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, माझा उतार चुकला. मी म्हटलं, काय? तर म्हणाले, न्हाणीचा उतार मी चुकीचा दिला, अर्धं बोट जास्त झाला, त्याने पाय गेला, मामाला सांग फरशी उखडून नवी घाल. भिंगरे, चाळीस वर्षांत त्यांचा उतार चुकला नव्हता. ते आत अनवाणी गेले होते. त्यांच्या पायाला फरशी कळायची. पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच त्यांना कळलं असणार की ही माझी फरशी नाही. तरी ते मागे फिरले नाहीत, कारण मी बाहेर बसून विचारत होते, कशी दिसते, कशी दिसते. ते म्हणाले, छान. आणि दुसरं पाऊल टाकलं.

मी त्यांना म्हटलं, हो, उतार चुकला. त्यांना तेच ऐकायचं होतं. मग झोपले.

तेव्हा तू असं कर. कापायच्या खात्यात जाऊ नकोस. आपल्या टेबलावर परत जा. बदलीचा कागद मागे घे. बाटलीत दोष नव्हता, तुझ्या पत्रातही नव्हता. मी ते खिळ्याला टोचून वाचलं होतं, त्यात काच काच असंच लिहिलं होतं, फरशी कुठेच नव्हती. जे लिहिलं नव्हतं ते मी केलं. आणि तू मोठी बाटली पाठवलीस ती माझ्यावर जीव म्हणून, त्याचा दोष धरायचा तर मग कुणी कुणाला काही द्यायलाच नको. आता जेवढी दारं तुझ्या हातून जातील तेवढ्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लाव, लेप फरशीला लावू नये म्हणून. आपल्या लिपीत लाव. माझ्यासारख्या म्हातारीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी मोठी. कापायच्या खात्यात बसून ते होणार नाही.

शिंपिणीने तिची जुनी काच काढली, नवी बसवणार आहे. काल तिने पुन्हा विचारलं, काकू, तो लेप खरंच घेण्यासारखा आहे का? मी म्हटलं, घे. नवी काच आहे, पाणी जड आहे, घे. चार थेंब लाव, उरेल तो ओतून टाक, फरशीला बोट लावू नकोस. ती म्हणाली, पण काकू, काच खरंच स्वच्छ राहते का?

राहते. त्यात तुझं एक अक्षर खोटं नाही. त्या दिवशी काचेवर एक डाग नव्हता. मी बाहेर स्टुलावर बसले होते, आणि मला सगळं दिसलं.

कळावे. लोभ असू दे, आणि पायात चप्पल असू दे.

तुझी,
आजी